नंबर वाढू न देणाऱ्या काचा : खर्च करावा का?

मुलाचा चष्म्याचा नंबर दर वर्षी वाढतो आहे. या खेपेला डॉक्टरांनी किंवा चष्मेवाल्याने सांगितले, ‘साध्या काचा नकोत, नंबरची वाढ मंदावणाऱ्या खास काचा घ्या.’ किंमत ऐकून अब्बांनी फ्रेम तिथेच काउंटरवर ठेवली. साध्या काचा काही शे रुपयांत होतात. या काचांचा आकडा हजारांत जातो, कित्येकदा दहा हजारांच्याही पुढे. घरी आल्यावर अम्मीचे म्हणणे, डॉक्टर सांगतात म्हणजे खरे असणार. दादींचे म्हणणे, आमच्या वेळी कुणाच्या नाकावर चष्मे नव्हते, हे सगळे धंद्याचे प्रकार! गेल्या वर्ष-दीड वर्षात आमच्या ओळखीच्या अनेक घरांत हेच बोलणे ऐकले, म्हणून हा विषय नीट समजून घ्यायचे ठरवले.

थोडक्यात सांगायचे तर, या काचांमागचे शास्त्र खरे आहे. फायदा मर्यादित आहे, पण मोलाचा आहे. आणि चष्मा लागलेल्या प्रत्येक मुलाला त्या घ्याव्याच लागतात असे मुळीच नाही.

नंबर म्हणजे नेमके काय वाढते?

आपण ‘नंबर वाढला’ म्हणतो तेव्हा खरे तर डोळा वाढलेला असतो. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या डोळ्याचा गोळा समोरून मागे साधारण १७ मिलिमीटर असतो. मूल वाढते तसा तो वाढतो आणि मोठेपणी २३-२४ मिलिमीटरच्या आसपास थांबतो. काही मुलांत तो वेळेवर थांबत नाही, लांबतच जातो. मग डोळ्याचा मागचा पडदा मागे सरकतो आणि लांबच्या वस्तूची प्रतिमा पडद्यावर पडण्याऐवजी त्याच्या अलीकडेच पडते. म्हणून फळा धूसर दिसतो आणि हातातले पुस्तक मात्र स्वच्छ. वजा १ नंबर असलेल्या मुलाला चष्म्याशिवाय साधारण एक मीटरपर्यंतचे नीट दिसते, वजा २ असेल तर अर्ध्या मीटरपर्यंतचे, आणि वजा ४ असेल तर जेमतेम वीतभर अंतरावरचे.

गोळ्याची लांबी गरजेपेक्षा एक मिलिमीटरने वाढली की नंबर सुमारे अडीच ते तीनने चढतो. साध्या चष्म्याने समोरचे स्वच्छ दिसू लागते, पण गोळ्याची वाढ त्याने थांबत नाही. लांबलेला डोळा नंतर पुन्हा आखूडही होत नाही. नंबर ‘उतरवून’ देण्याच्या जाहिराती दिसल्या तर ही गोष्ट आठवावी.

कुणी म्हणेल, नंबर चढला तर चढला, काच बदलू. त्यात एवढे काय? वजा १ किंवा २ वर गाडी थांबली तर खरेच फार काही नाही. पण गोळा लांबतो तसा आतला पडदा ताणला जातो, पातळ होतो. नंबर पाच-सहाच्या पुढे गेलेल्या माणसाला पुढील आयुष्यात पडदा फाटणे किंवा सुटणे, पडद्याच्या मध्यभागी झीज होणे, काचबिंदू, लवकर येणारा मोतीबिंदू यांचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो. मध्यभागाची ही झीज झाली तर चष्मा बदलूनही वाचता येत नाही. मार्क बुलिमोर आणि नोएल ब्रेनन या संशोधकांनी २०१९ मध्ये निरनिराळ्या देशांतील आकडे एकत्र करून हिशोब मांडला : नंबर एकाने जरी कमी राहिला तरी या झिजेची शक्यता सुमारे ४० टक्क्यांनी घटते. म्हणजे वजा ६ वर जाणारे मूल वजा ४ किंवा ५ वर थांबले, तर ती बचत त्याच्या साठाव्या वर्षी कामाला येते.

‘अठरा पूर्ण झाली की लेझर करून टाकू’ हा आपल्याकडचा आवडता बेत, विशेषतः मुलींच्या बाबतीत. लेझर डोळ्याच्या पुढच्या भागाचा आकार बदलते, चष्मा जातो. पण गोळा आतून तेवढाच लांब असतो आणि पडदाही तेवढाच ताणलेला. लेझर झालेल्या माणसालाही पडद्याची तपासणी करत राहावी लागते, हे फार थोड्या घरांना माहीत असते.

काच करते काय?

पिल्लांवर आणि माकडांवर झालेल्या प्रयोगांतून गेल्या काही दशकांत एक गोष्ट उलगडली. डोळा स्वतःची वाढ ठरवताना पडद्यावर प्रतिमा कुठे पडते याचा अंदाज घेतो. प्रतिमा पडद्याच्या मागे पडत असेल तर तो तिला गाठायला लांबतो. पुढे पडत असेल तर वाढ मंदावतो. यात पडद्याचा केवळ मध्यच नव्हे, तर कडेचा भागही बोलतो. साध्या मायनस काचेने मध्यभागी प्रतिमा बरोबर बसते, पण कडेला ती बहुधा पडद्याच्या मागे राहते. म्हणजे मुलाला स्वच्छ दिसते आणि डोळ्याला मात्र ‘वाढ’ असाच निरोप मिळत राहतो.

हाँगकाँगच्या पॉलिटेक्निक विद्यापीठातील कार्ली लॅम आणि ची-हो टो यांनी याच गोष्टीवर काच तयार केली. काचेच्या मधोमध सुमारे ९ मिलिमीटरचा गोल भाग मुलाच्या पूर्ण नंबरचा. त्याच्या भोवती मधाच्या पोळ्यासारखी सुमारे चारशे बारीक भिंगे, प्रत्येक साधारण एक मिलिमीटरचे, नंबरपेक्षा साडेतीनने प्लस. मूल मधून स्वच्छ पाहते. त्याच वेळी भोवतालच्या भिंगांतून आलेला काही प्रकाश पडद्याच्या पुढे जमतो आणि डोळ्याला ‘थांब’ म्हणतो. समोरून ही काच साध्या काचेसारखीच दिसते. उजेडात तिरकी धरली तरच जाळी अंधूकशी जाणवते.

या काचेची परीक्षा हाँगकाँगमधील ८ ते १३ वर्षांच्या मुलांवर दोन वर्षे झाली आणि निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. शेवटपर्यंत टिकलेली मुले १६०. निम्म्यांना खास काच, निम्म्यांना साधी, आणि कुणाला कोणती हे मुलांना माहीत नव्हते. दोन वर्षांत साध्या काचेच्या मुलांचा नंबर सरासरी ०.८५ ने वाढला, खास काचेच्या मुलांचा ०.४१ ने. गोळ्याची लांबी साध्या काचेत ०.५५ मिलिमीटरने वाढली, खास काचेत ०.२१ ने. खास काच लावणाऱ्या शंभरातील एकवीस-बावीस मुलांचा नंबर अजिबात वाढला नाही. साध्या काचेत अशी मुले सात-आठच होती.

या आकड्यांवरून आम्हांला दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. वाढ निम्म्याने घटली हे खरेच. पण दोन वर्षांतला फरक सरासरी अर्ध्या नंबरहूनही थोडा कमी आहे, आणि सरासरीत कुणाला खूप तर कुणाला थोडा फायदा दडलेला असतो. ‘या काचा घेतल्या म्हणजे नंबर वाढणार नाही’ असे कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर ते विकण्याचे बोलणे समजावे.

दुसरी एक काच चीनमधील वेनझोऊ शहरातील मुलांवर तपासली गेली. तिच्यात बारीक भिंगांची अकरा वर्तुळे असतात. तिचे निष्कर्षही असेच उत्साहवर्धक निघाले, आणि त्यांत एक गोष्ट घरांनी लक्षात ठेवावी अशी आहे : ज्या मुलांनी दिवसाला बारा तास किंवा अधिक चष्मा लावला त्यांना जास्त फायदा झाला. शाळेपुरता लावून घरी आल्यावर कपाटात ठेवायचा असेल, तर ही काच घेऊ नये. त्या पैशात दुसरे काही घ्यावे. याच काचेला सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी विक्रीची परवानगी दिली. आपल्याकडे पहिली ‘मायोस्मार्ट’ या नावाने तर दुसरी ‘स्टेलेस्ट’ या नावाने मिळते.

कोणत्या मुलाला, कोणत्या मुलाला नको

घरात तीन मुले, तिघांनाही चष्मा, आणि पैसे एकाच्याच काचांचे. अशी घरे आपल्यात कमी नाहीत. आमचे मत विचाराल तर वयाकडे आधी पाहा. सात-आठ वर्षांच्या मुलाला नंबर लागला असेल, तर त्याच्यापुढे वाढीची बरीच वर्षे आहेत. उंच नंबरावर जाण्याची भीती त्यालाच जास्त. नंबर वर्षाला अर्धा किंवा त्याहून अधिक चढत असेल, अम्मी-अब्बांपैकी कुणाचा नंबर मोठा असेल, तर पारडे आणखी झुकते. उलट पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीचा नंबर दोन वर्षे जागचा हललेला नसेल तर तिला या काचांची गरज नाही. कर्ज काढून तर घेऊच नयेत.

पैसे भरण्याआधी एक तपासणी झालीच पाहिजे. लहान मुलांच्या डोळ्याचे स्नायू फार जोरदार असतात. मशीनमध्ये पाहताना ते आवळले जातात आणि नसलेला किंवा आहे त्याहून मोठा मायनस नंबर निघतो. म्हणून डोळ्यांत थेंब टाकून, बाहुली मोठी करून, स्नायू सैल पडल्यावर नंबर काढायचा असतो. काही तास उजेड टोचतो, जवळचे वाचता येत नाही, मूल कुरकुरते. पण दुकानातल्या दोन मिनिटांच्या कॉम्प्युटर तपासणीवर एवढ्या महाग काचा बनवणे म्हणजे माप न घेता शेरवानी शिवणे. शक्य असेल तिथे डोळ्याची लांबीही मोजून घ्यावी आणि आकडा फाइलवर लिहून मागावा. सहा महिन्यांनी तोच आकडा पुन्हा मोजला की काच काम करते आहे की नाही ते कळते. नंबरापेक्षा हा आकडा अधिक खरे सांगतो.

फ्रेमकडेही लक्ष हवे. काचेचा स्वच्छ मध्यभाग बरोबर बाहुलीसमोर आला पाहिजे. चष्मा नाकावरून घसरला की मूल भिंगांच्या जाळीतून पाहू लागते. स्कार्फ बांधणाऱ्या मुलींच्या बाबतीत हे हमखास राहून जाते. दुकानात स्कार्फ बाजूला करून माप घेतले जाते, आणि शाळेत काड्यांवर घट्ट स्कार्फ आला की फ्रेम तिरकी होते, वर उचलली जाते. म्हणून मुलगी रोज जसा स्कार्फ बांधते तसाच बांधलेला असताना फ्रेम बसवून घ्यावी. वुजूसाठी काढलेला चष्मा नळाच्या कट्ट्यावर विसरणे, पालथा ठेवणे आणि मग ओढणीने किंवा सदऱ्याच्या टोकाने खसखसून पुसणे, यात काचांचे आयुष्य निम्मे होते. पाण्याने धुऊन मऊ कापडाने टिपाव्यात. पहिले काही दिवस कडेचे थोडे धूसर वाटते, मुलाला जिना सावकाश उतरायला सांगावे. आठवड्याभरात बहुतेक मुले रुळतात.

चष्मा लपवणे

आता थोडे कटू. मुलाला चष्मा लागला की घर दुकान गाठते. मुलीला लागला की घर गप्प बसते. ‘स्थळे बघायच्या वेळी अडचण’, ‘सवय लागेल’, ‘लावला की नंबर वाढतो’. मुलगी वर्गात पुढच्या बाकावर सरकते, मग मैत्रिणीच्या वहीतून उतरवते, मग गणितात मागे पडते, आणि आपण म्हणतो तिचे अभ्यासात लक्षच नाही. चष्मा लावल्याने नंबर वाढत नाही. मुद्दाम कमी नंबराचा चष्मा दिला तर डोळा सुधारेल, ही समजूतही मलेशियातील एका प्रयोगात उलटी ठरली : दोन वर्षांत पूर्ण नंबर दिलेल्या मुलांची वाढ सरासरी ०.७७, कमी नंबर दिलेल्यांची १.००. हा निष्कर्ष २००२ सालचा आहे, तरी ‘जरा कमीच द्या’ ही विनंती चष्मेवाल्यांना आजही ऐकावी लागते.

सुरम्याचेही सांगून टाकू, कारण आपल्या घरांत तो असतो. नंबर त्याने उतरत नाही. आणि बाजारातल्या अनेक सुरम्यांत शिसे आढळलेले आहे, ते लहान मुलांच्या मेंदूला अपायकारक असते. मुलांच्या डोळ्यांत तो घालू नये.

ज्यांना परवडत नाही त्यांनी

पूर्ण नंबराचा साधा चष्मा, नियमित तपासणी आणि भरपूर दिवसाचा उजेड. शाळांतून होणाऱ्या सरकारी तपासणीत दोष आढळलेल्या मुलांना मोफत चष्मे देण्याची योजना आहे. शाळेत चौकशी करावी, लाजू नये.

उजेडाचे महत्त्व आपण फार कमी जाणतो. चीनच्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेतच रोज ४० मिनिटे जादा मैदानावर नेले. तीन वर्षांनंतर त्या शाळांत ३०.४ टक्के मुलांना नवा मायनस नंबर लागलेला होता, नेहमीसारख्या चाललेल्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना. तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांसाठी रोज दोन तास घराबाहेर हा देशाचाच कार्यक्रम केला. कारण साधे आहे. ट्यूबलाइटच्या खोलीत जेवढा उजेड असतो त्याच्या कित्येक पट झाडाच्या सावलीतही असतो; उन्हात रापायची गरज नाही. एवढे मात्र मान्य केले पाहिजे की बाहेरच्या उजेडाचा फायदा नंबर लागूच नये यासाठी जास्त दिसतो, लागलेला नंबर मंदावायला कमी. म्हणून तो सर्वांत उपयोगाचा ज्याला अजून चष्मा नाही त्या धाकट्याला.

पण आपल्या मुलाचा दिवस पाहा. सकाळी शाळा, दुपारी मकतब, मग ट्यूशन. बाहेर येतो तोवर मगरिबची अजान झालेली असते. सुट्टीच्या दिवशी मोबाइल. मोबाइलला आपण सगळेच बोल लावतो आणि ते बरोबरही आहे, पण चांगल्या वाचनालाही हाच हिशोब लागू होतो, हे बोलायला आपण कचरतो. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात यहुदी कुटुंबांतील किशोरवयीन मुलामुलींचे डोळे तपासले गेले. धर्मग्रंथांच्या शाळेत दिवसाचे अनेक तास डोलत डोलत बारीक अक्षर वाचणाऱ्या मुलांपैकी सुमारे ८१ टक्क्यांना मायनस नंबर होता. त्याच धार्मिक समाजातल्या, पण एवढे वाचन नसलेल्या मुलींत सुमारे ३६ टक्क्यांना. समाज तोच, फरक होता तो वाचण्याच्या तासांचा आणि रीतीचा.

हिफ्ज करणाऱ्या आपल्या मुलांचा दिवस याहून वेगळा नाही, आणि तो कमी करा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण रीत बदलता येते. रेहल जमिनीवर असते आणि मूल कमरेत वाकून नाक पानाला लावते. रेहल बुटक्या बाकावर ठेवली, प्रत मोठ्या अक्षराची दिली, बसायची जागा खिडकीपाशी केली, तर डोळा आणि पान यांत फूटभर अंतर आपोआप राहते. अर्ध्या तासाने उस्तादांनी दोन मिनिटे सर्वांना दूर पाहायला लावावे. आणि आमोख्ता, म्हणजे मागच्या पाठांची उजळणी, ही तर तोंडपाठच असते. तिला पान लागत नाही. ती अंगणात, व्हरांड्यात, झाडाखाली फिरत फिरत ऐकवता येईल. यात एक पैसा खर्च नाही, फक्त मकतबच्या कमिटीने आणि उस्तादांनी मनावर घ्यायला हवे. घरासाठी आमची सूचना अशी की ट्यूशनची वेळ मगरिबनंतर मागून घ्यावी आणि असर ते मगरिब हा वेळ मुला-मुलींना, होय, मुलींनाही, गच्चीवर, अंगणात किंवा मैदानात मोकळा द्यावा. हिवाळ्यातही तो दीड तासाच्या आसपास भरतो.

डॉक्टर काही मुलांना रात्री झोपताना टाकायचे कमी ताकदीचे अॅट्रोपिनचे थेंब देतात. सिंगापूर आणि हाँगकाँगमध्ये त्यांवर बरेच काम झाले आहे आणि काही मुलांना काच व थेंब दोन्ही दिले जातात. हे औषध आहे. शेजारच्या मुलाची बाटली आणून घालायचे नाही.

सहा महिन्यांची तारीख चष्मा घेतानाच कॅलेंडरवर मांडावी. त्या दिवशी थोरल्यासोबत धाकट्यांनाही न्यावे, कारण दिल्लीच्या एम्सने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत शाळकरी मुलांपैकी १३.१ टक्क्यांना मायनस नंबर आढळला होता. अम्मी-अब्बांना चष्मा असलेल्या घरात तर धाकट्यांकडे अधिकच लक्ष हवे. टीव्हीजवळ सरकणारे, डोळे बारीक करून बसची पाटी वाचणारे मूल स्वतःहून कधीच सांगत नाही की मला दिसत नाही. त्याला वाटते, सगळ्यांना असेच दिसत असेल.